हजर आणि गायब

शाळेत रोज सकाळी गुरुजी हजेरी घेतात. समोर बसलेला तो हजर, नसलेला तो गैरहजर. यात तिसरा प्रकार कुठून असणार, असे आपण म्हणू. पण अरबी भाषेतील थोर कवी महमूद दरवीश याच्या वाट्याला नेमका तो तिसरा प्रकार आला.

त्याचा जन्म १९४१ सालचा; पॅलेस्टाईनमधील गॅलिली भागात अल्-बिरवा नावाच्या खेड्यातला. १९४८ च्या युद्धात घरचे सारे लेबनॉनमध्ये पळाले. वर्षभराने चोरवाटेने परत येऊन पाहतात तो गाव जमीनदोस्त! दरम्यान इस्रायलच्या नव्या सरकारची शिरगणती उरकली होती. त्यामुळे आपल्याच मुलखात राहणारी ही माणसे कायद्याने ‘हजर असूनही गैरहजर’ ठरली.

आता मौज पाहा. ‘हजर’ आणि ‘गायब’ हे आपले शब्द मूळचे अरबी, आणि अरबीत या माणसांना याच दोन शब्दांची जोडी लावतात. ‘वतन’ही तिकडचेच. आपल्याकडे ते पाटील-कुलकर्ण्यांचे. अरबीत वतन म्हणजे मायभूमी. आपण निर्धनाला गरीब म्हणतो. अरबीत गरीब म्हणजे परका. या चार शब्दांत दरवीशचे सारे आयुष्य आले.

लहानपणची एक हकीकत त्यानेच सांगितली आहे. इस्रायलच्या स्थापनादिनी शाळेत त्याने स्वतःची कविता म्हटली. तीत एक अरब मुलगा ज्यू मुलाजवळ आपले दुःख बोलून दाखवतो. लगेच लष्करी अधिकाऱ्याचे बोलावणे आले. पुन्हा असे लिहिशील तर बापाचे काम जाईल, असा दम मिळाला. पोराच्या चार ओळींना सरकार भ्यायले, म्हणायचे!

पण पुढे याच मुलाला एका ज्यू शिक्षिकेने हिब्रू साहित्याची गोडी लावली. स्पेनचा लॉर्का आणि चिलीचा नेरुदा त्याने हिब्रूतूनच वाचले. दटावणाऱ्याची भाषा हिब्रू आणि नवी कवाडे उघडणारीचीही हिब्रू. म्हणून त्याने त्या भाषेचा द्वेष केला नाही. कविता मात्र त्याने आयुष्यभर अरबीतच लिहिली.

१९७० साली त्याने देश सोडला. मॉस्को, कैरो, बैरूत, ट्यूनिस, पॅरिस अशी वणवण झाली. १९९६ मध्ये तो रामल्ला येथे राहू लागला. पण अल्-बिरवा काही परत मिळाले नाही. २००० साली इस्रायलच्या शिक्षणमंत्र्याने त्याच्या कविता शाळांत शिकवाव्यात असे सुचवले, तेव्हा केवढे वादळ उठले! अजून वेळ आलेली नाही, असे पंतप्रधानांनी सांगितले. २००८ साली अमेरिकेत हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर तो वारला. दफन रामल्लाला झाले.

शिक्षकबंधूंनो, आणि भगिनींनो, आपल्या वर्गातही एखादे पोर घरी वेगळी बोली बोलत असेल. त्याच्या बोलीला हसू नका, आणि त्याला दुसरी भाषा शिकवायला कचरूही नका. पाटी-दप्तर घेऊन ते समोर बसले आहे खरे. पण त्याची भाषा वर्गात गायब असेल, तर ते पोर पुरते हजर आहे असे कसे म्हणावे?