फिशर-डीस्काऊ: शब्दाला जपणारा गायक



1948 चा जानेवारी. युद्धाने ढासळलेल्या बर्लिनमधल्या एका रेडिओ केंद्रावर 22 वर्षांच्या तरुणाने संगीतकार शूबर्टची ‘विंटररायझं’ (हिवाळी प्रवास) ही 24 गीतांची माला ध्वनिमुद्रित केली. साथीला फक्त पियानो. हे डीट्रिश फिशर-डीस्काऊ. आवाज बॅरिटोन, म्हणजे पुरुषी आवाजातला मधला पट्टा.

ही माला त्यांनी 1943 मध्ये बर्लिनमध्येच गायली होती. कार्यक्रमाच्या मध्येच बॉम्बहल्ला झाला. तो ओसरल्यावर त्यांनी उरलेली गाणी पूर्ण केली. पुढे सक्तीची लष्करभरती, इटलीत अटक आणि दोन वर्षे अमेरिकनांची कैद. छावण्यांमध्ये घरच्या ओढीने व्याकूळ झालेल्या जर्मन कैद्यांपुढे ते गात. इकडे त्यांच्या अपंग भावाला नाझींनी एका संस्थेत ठेवून उपासमारीने मारले होते.

सुटकेनंतर ऑपेराने त्यांना लगेच उचलले. 1948 मध्येच बर्लिनला व्हेर्दीच्या ‘डॉन कार्लोस’मध्ये त्यांनी पोझाची भूमिका केली, 1978 मध्ये म्युनिकला संगीतकार रायमानच्या ‘लिअर’मध्ये, खास त्यांच्यासाठी लिहिलेल्या भूमिकेत, वेडावलेला म्हातारा राजा. मात्र माझ्या मते त्यांचे खरे घर गीतांच्या मैफलीतच. ऑपेरात पोशाख असतो, नेपथ्य असते, वाद्यवृंदाची लाट असते. इथे गायक, पियानो आणि कविता, एवढेच. आपल्या भावगीतासारखे इथेही शब्द विरला की गाणे हातचे जाते. फिशर-डीस्काऊ अगदी हलक्या आवाजात गातानाही शेवटच्या रांगेपर्यंत व्यंजन न् व्यंजन पोचवत. पियानोवादक जेराल्ड मूर यांच्या साथीने त्यांनी शूबर्टची शेकडो गीते ध्वनिमुद्रित केली. काही समीक्षकांना ही शब्दांची निगराणी अती वाटे. मला ती कवीविषयीची निष्ठा वाटते.

30 मे 1962 रोजी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत, जर्मन बॉम्बनी उद्ध्वस्त झालेल्या कॅथीड्रलशेजारी उभारलेल्या नव्या वास्तूत, संगीतकार ब्रिटन यांचे ‘वॉर रेक्विएम’, म्हणजे युद्धातल्या मृतांसाठीची संगीतरचना, प्रथम सादर झाले. त्यात दोन मृत सैनिकांची भेट आहे. एकाचा आवाज इंग्रज टेनर (उंच पट्टीचा गायक) पीटर पिअर्सचा, दुसरा फिशर-डीस्काऊंचा. शेवटी ते इतके गहिवरले की त्यांना जागेवरून उठवेना. युद्धात गमावलेली माणसे त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली होती.

1992 अखेर त्यांनी गायन थांबवले. 2012 मध्ये ते गेले. ‘विंटररायझं’ त्यांनी अनेकदा ध्वनिमुद्रित केली. 1955 ची, मूर यांच्या साथीची, आणि 1990 ची, मरे पेराया यांच्या साथीची, लागोपाठ ऐका. नंतरच्या मुद्रणात आवाज झिजलेला आहे, पण प्रवाशाचा थकवा मला त्यातच अधिक खरा वाटतो.