राखलेले रान



मुंबईला पाणी पुरविण्यासाठी १८६० साली विहार तलाव पूर्ण झाला. पुढे तुळशी तलावही झाला. पाणी निर्मळ राहावे म्हणून सभोवतालचे पाणलोटाचे रान नगरपालिकेने ताब्यात ठेवून राखले. पुढे तेच बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट झाले. शेजारच्या आरे येथे २०१९ मध्ये रात्रीतून झाडे तोडली गेली, तेव्हा नागरिक रस्त्यावर उतरले. २०२१ मध्ये तेथील ८१२ एकर भूमी राखीव वन म्हणून उद्यानाच्या स्वाधीन झाली.

आपल्या बऱ्हाणपुरास हा विचार परका नसावा. अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, कुंडी भंडारा उभा राहिला. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी शंभराहून अधिक कुंड्यांतून केवळ उताराच्या बळावर शहरात येई. २०२४ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचा समावेश झाला. परंतु कुंड्या जपल्या आणि वरचे उतार उघडेबोडके झाले, तर त्या कोरड्याच राहतील. म्हणून ती भूमी नगराने वेळीच राखली पाहिजे, अशी लोधीपुऱ्यातील आपण सर्वांनी मागणी करावी. ग्रंथालय उद्याच्या वाचकासाठी ग्रंथ जपते. रानही तसेच जपावयाचे असते.