परतलेल्या मुलीचं काय?

(वेंगुर्ले येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला एका मुलीबद्दल बोलायचं आहे. नाव सांगत नाही, कारण ती याच तालुक्यातली आहे. कर्ज काढून, आईचे दागिने गहाण ठेवून ती परदेशात शिकायला गेली. विषय सार्वजनिक आरोग्याचा. वर्ष संपलं, पदवी घेऊन ती परत आली. आपण तिचा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला, फोटो काढले. मीही दोन शब्द बोलले. त्यानंतर चार महिने मी तिच्या घराची पायरी चढले नाही.

मग एकदा बाजारात तिची आई भेटली. म्हणाली, "बाये, चेडू शिकान इला, आणि आता घरात नुसता बसान आसता. जो येता तो इचारता, लगीन कधी?"

मला लाज वाटली. सत्कार करणं आपल्याला जमतं. सोबत करणं जमत नाही.

हा प्रश्न आजचा नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून शिकायला गेलेल्या मराठी बायकांची नावं आपण अभिमानाने घेतो. पण त्या गेल्या एवढंच आपल्या लक्षात राहतं. त्या परतल्या तेव्हा काय झालं, ते आज पाहू या.

आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. त्यांचं बाळ दहा दिवसांत दगावलं होतं. आपल्या देशात बायकांना बाई डॉक्टर हवी, हे त्या जाहीरपणे सांगून गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात त्यांना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्री-विभागाची जबाबदारीही ठरली. तेच आजचं सीपीआर. आपल्याकडचे पेशंट आंबोली घाट चढून अजून तिथे जातात. पण क्षयाने खंगलेल्या आनंदीबाई त्या कामावर कधी रुजू होऊच शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. वयाची बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. त्यांच्या अस्थी अमेरिकेत पाठवल्या गेल्या. ज्या थिओडिसिया कार्पेंटर बाईंनी त्यांना लेकीसारखं सांभाळलं, त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत.

क्षय समाजाने दिला असं मी म्हणत नाही. पण विचार करा. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं वचन त्या पोरीला चारचौघांत द्यावं लागलं. ती काय नेसते, काय खाते, याची चौकशी सगळ्यांनी केली. तिची प्रकृती कशी आहे, हे किती जणांनी विचारलं? जाताना विरोध झाला आणि परत आल्यावर कौतुक झालं. दोन्ही वेळा बोलणं झालं ते समाजाच्या अब्रूबद्दल.

दुसरी बाई रखमाबाई. लहानपणी लावलेलं लग्न मान्य नाही, नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असं तिने कोर्टात ठामपणे सांगितलं. १८८७ साली कोर्ट म्हणालं, नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा. ती तुरुंगात जायला तयार झाली. पुढे तडजोड झाली. १८८९ साली ती लंडनला गेली आणि डॉक्टर होऊन १८९४ साली परतली. तिच्या पाठीशी माणसं होती. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची-फिप्सन यांनी तिला हात दिला होता. परतल्यावर आधी सुरतेत, मग राजकोटला, तिने तीस वर्षांहून जास्त काळ बायकांच्या दवाखान्यांत काम केलं. परदेशी शिक्षणाचं खरं फळ हे. त्याचा मोठा समारंभ कोणी केला नाही.

तिसरी पंडिता रमाबाई. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला त्या हजर होत्या. त्या स्वतः डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या होत्या. ऐकू कमी येत असल्यामुळे ते राहिलं. आजच्या भाषेत, ज्यासाठी गेली ते जमलं नाही. पण रमाबाई रिकाम्या हाताने आल्या नाहीत. १८८७ साली बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झालं आणि त्याने दहा वर्षं खर्च उचलण्याची हमी दिली. परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं. आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. तिथे पहिल्या-पहिल्यांत दाखल झालेली विधवा होती आपल्या कोकणातली, देवरुखची गोदूबाई. पुढे त्याच बाया कर्वे झाल्या.

या तिघींकडून मी एक गोष्ट शिकले. तिघीही हिमतीच्या होत्या, तिघीही हुशार होत्या. पण परतल्यावर काम उभं राहिलं ते जिथे कोणीतरी आधीच सोबतीला उभं होतं तिथे. शिकून येणं एकटीच्या जिवावर होतं. परत येऊन काम उभं करायला बाकीच्याही लागतात.

चाकरमानी गणपतीला येतो तेव्हा घर सारवून त्याची वाट पाहिली जाते. मुलगी शिकून येते तेव्हा तिने जरा जास्त बोललं तर "तिकडचं वारं लागलं" असं म्हणतात. गप्प राहिली तर "मग शिकून काय मिळवलं?"

आणखी एक. "गावासाठी परत ये" हा आग्रहही मला आता खटकतो. तिच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता आहे. पुण्यात नोकरी मिळाली तर तिला जाऊ द्यावं, दोष देऊ नये. मुलीने शिकावं आणि तेही आपल्या उपयोगासाठी, ही जुनीच अट नव्या कपड्यात आली आहे.

मग आपण काय करायचं? मी तीन गोष्टी सुचवते. पहिली, सत्कार सहा महिन्यांनी करू. तोपर्यंत दर पंधरा दिवसांनी आपल्यातली कोणीतरी तिच्याकडे जाऊन बसेल. दुसरी, ती काय शिकली ते तिच्याकडून ऐकू. काजूच्या कारखान्यात दिवसभर काम करणाऱ्या आपल्या बायकांच्या कंबरदुखीबद्दल, चिकाने भाजणाऱ्या हातांबद्दल तिला विचारू. शिकलेलं इथल्या कामाला कसं लावायचं, ते दोघींनी मिळून शोधायचं. तिसरी, बँकेत हप्त्याची मुदत वाढवून मागायला तिची आई एकटी जाणार नाही. आपण चार जणी बरोबर जाऊ.

बाजारातल्या त्या भेटीनंतर दुसऱ्याच दिवशी मी तिच्याकडे गेले. ती दाराशी आली आणि म्हणाली, "ताई, आत्ता आठवण झाली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी आत जाऊन बसले. दोन तास ती बोलली, मी ऐकलं.

आज ती इथे मागच्या रांगेत बसली आहे. तिच्याकडे वळून बघू नका. मेळावा संपल्यावर तिच्याशी बोला.