बाहेरची माणसं

निवडणूक जवळ आली की भाषणांत ‘लोंढे’ हा शब्द येतोच. पाठोपाठ ‘परप्रांतीय’ येतो आणि अलीकडे ‘घुसखोर’ही त्याच दमात उच्चारला जातो. ऐकणाऱ्याच्या मनात मग बिहारचा गवंडी आणि सीमा ओलांडून बेकायदा आलेला परदेशी माणूस एकच होऊन जातात. कायद्याला ते एक नाहीत. परदेशी नागरिकांसाठी वेगळे कायदे आहेत. गवंड्याला मात्र संविधानाच्या १९व्या कलमाने देशात कुठेही जाण्याचा, राहण्याचा हक्क दिला आहे. पुणे जिल्ह्यातल्या वेल्ह्याचं पोरगं उद्या सुरतेला किंवा बंगळूरला कामाला जाईल ते याच हक्काने.

वेल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. तोरणा-राजगडाच्या या मुलखात भात निघाला की हाताला काम उरत नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या इथली माणसं मुंबईला गेली. गाववाल्यांच्या खोलीत दाटीवाटीने राहिली, खाणावळीत जेवली, घरी मनीऑर्डर पाठवत राहिली. पानशेत, वरसगाव धरणांनी तर गावंच्या गावं उठवली. त्यातली कित्येक कुटुंबं दौंड तालुक्यात वसली आणि आपल्याच जिल्ह्यात ‘धरणग्रस्त’ म्हणून नवखी ठरली.

मुंबईत ओझी वाहणाऱ्या कष्टकऱ्यांना आधार मिळाला तो १९६९च्या माथाडी कायद्याने. अण्णासाहेब पाटील त्यासाठी झगडले. नोंदणी, मंडळ, ठरलेली मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, असं नेमकं काहीतरी त्यांनी मागितलं आणि मिळवलं. १९७९मध्ये संसदेने परराज्यांतून आणलेल्या मजुरांसाठीही कायदा केला. असे पाच किंवा जास्त मजूर आणणाऱ्या ठेकेदाराला त्यात परवाना सक्तीचा होता. तरीही सभेत ठेकेदाराचं नाव निघत नाही. राग निघतो तो मजुरावर, कारण तो समोर दिसतो आणि उलटून बोलू शकत नाही. फेब्रुवारी २००८मध्ये पुण्या-नाशकातून हजारो उत्तर भारतीय मजूर भीतीने निघून गेले. त्यांनी कुणाचं काय बिघडवलं होतं?

स्थानिक मुलांना नोकऱ्या मिळाव्यात, ही मागणी रास्त आहे. म्हणून पुढच्या सभेत वक्ता ‘लोंढे’ म्हणाला, की उभं राहून विचारा: हे मजूर आणणारा ठेकेदार कोण? त्याच्याकडे मजुरांची नोंद आहे का? तो किमान वेतन देतो का? आणि आपल्या तालुक्यातल्या किती मुलांना त्याने कामावर घेतलं?