ऐकणाऱ्यालाही आधार हवा

राज्याचे फौजदार नाशिकच्या महाराष्ट्र पोलिस अकादमीत घडतात. पीडितांची फिर्याद पुढे त्यांच्याच समोर येते. म्हणून त्यांचे शिक्षण हा लोकशाहीचा प्रश्न आहे.

१९७२ साली देसाईगंजच्या पोलिस ठाण्यातच बलात्कार झाल्याची फिर्याद मथुरा या आदिवासी मुलीने केली. उच्च न्यायालयाने दोषी धरलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सोडून दिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कोठे १९८३ साली कायदा बदलला. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष उघडला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच आवारात बसू लागली. कायद्याला माणसाची जोड मिळाली.

परंतु रोज परक्यांचे दुःख ऐकणाऱ्याचे मनही थकते. थकलेले मन बधिर होते आणि पीडितेलाच जाब विचारू लागते. एकदाच दिलेले प्रशिक्षण म्हणूनच अपुरे आहे. सेवेची शाश्वती, कामाचे बेताचे ओझे आणि अनुभवी मार्गदर्शक यांची तरतूद शासनाने केली पाहिजे. पीडितेचा आधार हा उपकार नव्हे, हक्क आहे. तो राबवणारे हातच निराधार ठेवले, तर हक्क कागदावरच राहील.