थुंकीची नळी आणि घराण्याचा शजरा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी शाळेत इतिहास शिकवतो. मग डी.एन.ए. या विषयावर मी कशाला बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी कोणाच्या मनात आला तर तो रास्तच आहे. माझे उत्तर असे की, घरबसल्या करावयाच्या डी.एन.ए. चाचणीचा प्रश्न जितका शास्त्राचा आहे तितकाच पुराव्याचाही आहे. जुना कागद हाती आला की तो कोणी लिहिला, कशावरून लिहिला आणि कशाशी ताडून पाहिला, हे विचारायला आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. तेच प्रश्न या चाचणीच्या अहवालाला विचारून पाहावेत, एवढाच माझा हेतू आहे.

आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ घरांतील माणसे आखातात, इंग्लंडमध्ये, दक्षिण आफ्रिकेत आहेत. तिकडच्या बाजारात ही चाचणी बरीच वर्षे मिळते आणि आता ती भारतातही मिळू लागली आहे. एका नळीत थुंकायचे, नळी डब्यात बंद करून पोस्टाने पाठवायची आणि काही आठवड्यांनी मोबाईलवर अहवाल पाहायचा. आपले पूर्वज कोठले, आपले नातेवाईक कोण आणि पुढे कोणता आजार होण्याचा संभव आहे, या तिन्ही गोष्टी एकाच अहवालात येतात. वाचणाऱ्याला वाटते, तिन्ही सारख्याच खात्रीच्या असतील. तशा त्या नाहीत.

प्रथम चाचणी होते कशी ते पाहू. माणसाच्या जनुकसंचात सुमारे तीनशे कोटी अक्षरे असतात. बहुतेक कंपन्या ती सगळी वाचत नाहीत. एका चिपवर त्यांतील साधारण सहा-सात लाख ठरावीक जागा तपासल्या जातात. हे वाचन बहुतांशी अचूक असते. परंतु हजारात एक चूक धरली तरी सात लाखांत सातशे चुका होतात. शिवाय वाचन वेगळे आणि त्याचा अर्थ लावणे वेगळे. मोडी कागदातील अक्षर बरोबर लागले म्हणून कागदाचा अर्थ बरोबर लागतोच असे नाही.

आता पूर्वजांविषयी. ‘तुम्ही इतके टक्के अमुक देशाचे’ हे वाक्य थुंकीत लिहिलेले नसते. कंपनीजवळ निरनिराळ्या देशांतील आज हयात असलेल्या माणसांचे नमुने असतात. त्यांच्याशी आपला नमुना ताडून काढलेला तो अंदाज असतो. तुलनेचा संच बदलला की अंदाजही बदलतो. कॅनडातील सी.बी.सी. या दूरचित्रवाणीने २०१९ साली दोन एकरूप जुळ्या बहिणींचे नमुने पाच कंपन्यांकडे पाठवले. दोघींचा डी.एन.ए. जवळजवळ एकच, तरीही एकाही कंपनीने दोघींना अगदी सारखे उत्तर दिले नाही. भारतीय नमुने तर अशा संचांत पुष्कळ काळ थोडेच होते. आपल्या देशाच्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील सुमारे दहा हजार जनुकसंचांची माहिती संशोधकांना खुली झाली ती जानेवारी २०२५ मध्ये.

आपल्या किनाऱ्यावर या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. आपले पूर्वज अरबस्तानातून आले असे कोकणातील अनेक मुसलमान घराण्यांत सांगतात आणि काहींनी शजरे जपून ठेवले आहेत. अरब प्रवासी अल-मसूदी इ. स. ९१६ च्या सुमारास सैमूर, म्हणजे आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यातील चौल, येथे आला होता. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान असल्याचे त्याने लिहिले आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेल्यांबरोबरच ‘बयासिरा’ म्हणजे हिंदुस्थानातच जन्मलेल्या मुसलमानांचाही तो उल्लेख करतो. म्हणजे अकराशे वर्षांपूर्वीही समुद्रावरून आलेले आणि येथल्या मातीत जन्मलेले, असे दोघेही एकाच गावात नांदत होते.

मग नळीने शजऱ्याची परीक्षा होईल काय? साधा हिशोब करून पाहा. आपले आईबाप दोन, आजीआजोबा चार, असे मागे जात दहाव्या पिढीला एक हजार चोवीस पूर्वज होतात. जवळच्या नात्यात लग्ने झाली असतील तर त्यांतील काही नावे पुन्हा पुन्हा येतील. प्रत्येक पिढीत आईचा अर्धा आणि बापाचा अर्धा भाग खाली येतो व उरलेला गळतो. त्यामुळे दहाव्या पिढीतील पुष्कळ पूर्वजांचा एकही तुकडा आज आपल्या अंगात नसतो. अहवालात अरबस्तान दिसले नाही म्हणून शजरा खोटा ठरत नाही, आणि दोन टक्के दिसले म्हणून तो खराही ठरत नाही.

याच किनाऱ्यावर खरे संशोधन कसे होते याचेही उदाहरण आहे. आपले पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या समाजातील अठरा व्यक्तींचे जनुकसंच इतर ज्यू व भारतीय समाजांशी ताडून पाहिले गेले. त्यांत ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे आढळले. ज्यू वारसा मुख्यतः पुरुषांकडून आणि भारतीय वारसा मुख्यतः स्त्रियांकडून आलेला होता. हे मिश्रण सुमारे ६५० ते १०५० वर्षांपूर्वी झाले असावे, असा अंदाज निघाला. शास्त्रज्ञांनी ही विधाने समाजाविषयी केली आणि काळ सांगतानाही चारशे वर्षांची मोकळीक ठेवली. कंपनी मात्र एका माणसाला दशांश चिन्हासह टक्केवारी देते. अधिक विश्वास कोणावर ठेवावा, हे सुज्ञांस सांगणे नलगे.

आता दुसरी गोष्ट नात्याची. येथे शास्त्र खरोखर बलवान आहे. आईबाप आणि मूल, सख्खी भावंडे, ही नाती डी.एन.ए.वरून फार खात्रीने ओळखता येतात. दूरच्या नात्यात मात्र घोटाळा होतो. ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्ने झाली, तेथे दूरचा नातलगही आहे त्याहून जवळचा भासू शकतो.

खरा धोका पितृत्वाच्या घरगुती चाचणीत आहे. यंत्र बरोबर असेल, पण नळीत लाळ कोणाची होती? ती घेताना साक्षीदार कोण होता? अशा कागदावर एखाद्या स्त्रीची अब्रू आणि एखाद्या लेकराचे नाव टांगणे हा अन्याय आहे. पुण्याच्या एका प्रकरणात पतीने खाजगी चाचणी करून घेतली होती. पुढे कौटुंबिक न्यायालयाने मुलाच्या चाचणीचा आदेश दिला आणि उच्च न्यायालयाने तो कायम केला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये तो रद्द केला. पतिपत्नींच्या भांडणात मुलाची चाचणी सर्रास करवून घेता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. विवाह कायम असताना झालेले मूल औरसच मानावे, हा १८७२ च्या पुरावा कायद्यातील नियम आजच्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११६ मध्येही आहे. आम्ही शिक्षक हजेरीपटावर मुलाचे नाव त्याच्या वडिलांच्या नावासह लिहितो. ते नाव पोस्टाने आलेल्या डब्यावरून पुसले जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

तिसरी गोष्ट आजाराची आणि तीच सर्वांत नाजूक आहे. ब्रिटनमधील सुमारे पन्नास हजार लोकांच्या माहितीवरून केलेला अभ्यास २०२१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. लाखात एकाहूनही कमी लोकांत आढळणारे दोष चिपने दाखवले, तेव्हा त्यांतील शेकडा सोळाच खरे निघाले. स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित बी.आर.सी.ए. जनुकांतील अशा दुर्मिळ दोषांत तर शेकडा चारच्या आसपास. उलट बाजूही पाहा. अमेरिकेत २०१८ साली एका कंपनीला या जनुकांतील तीनच दोष सांगण्याची परवानगी मिळाली आणि ते मुख्यतः युरोपीय वंशाच्या ज्यूंमध्ये आढळणारे होते. आपल्याकडील स्त्रीच्या अहवालात ‘दोष नाही’ असे आले तर त्यावरून तिने निर्धास्त राहावे काय? मुळीच नाही. आणि ‘दोष आहे’ असे आले तरी डॉक्टरांकडून दुसरी तपासणी झाल्यावाचून त्यावर विसंबू नये.

आपल्या समाजाला खरी गरज आहे ती याहून साध्या तपासणीची. थॅलेसेमियाचे वाहक असलेले स्त्रीपुरुष स्वतः निरोगी असतात. परंतु दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला गंभीर थॅलेसेमिया होण्याचा संभव चारांत एक असतो. मामे-चुलत भावंडांत लग्ने होतात तेथे दोघांतही तोच दोष असण्याची शक्यता वाढते. हिमोग्लोबिनच्या रक्ततपासणीने वाहक ओळखता येतो, त्याला परदेशी नळी लागत नाही. मात्र तपासणी मुलाची आणि मुलीची, दोघांचीही व्हावी. केवळ मुलीचा अहवाल मागून तिचे लग्न मोडणे हे शास्त्रही नव्हे आणि माणुसकीही नव्हे.

शेवटी एक सावधगिरी. थुंकी एकाची असली तरी माहिती साऱ्या घराची जाते, कारण भावंडांचा व मुलाबाळांचा डी.एन.ए. बराचसा तोच असतो. ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकन कंपनीकडील सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ साली चोरट्यांच्या हाती लागली आणि मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, डी.एन.ए. बदलता येत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, या शास्त्राची भीती बाळगू नका. तुमच्यापैकी कोणी उद्या हैदराबादच्या सी.सी.एम.बी.सारख्या प्रयोगशाळेत जाऊन याच विषयावर संशोधन करावे, अशी माझी इच्छा आहे. आणि पालकांना विनंती की, कोणी प्रेमाने अशी नळी भेट म्हणून आणली तर घरातील सर्वांना विचारल्याशिवाय ती उघडू नये. उघडलीच, तर अहवालातील पूर्वजांचे पान कौतुकाने वाचावे, आजाराचे पान डॉक्टरांना दाखवावे आणि नात्याच्या पानावरून कोणाला घराबाहेर काढू नये.