पाणलोटाचा आराखडा ग्रामसभेत ठरावा



बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा इ. स. १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानान यांच्या काळात बांधला गेला. सातपुड्यात मुरून तापीकडे झिरपणारे पाणी भुयारात घेऊन केवळ उताराच्या बळावर शहरात आणले गेले. डोंगर उघडा पडला की हे झिरपणे मंदावते. म्हणून पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्याकडे व्हावयास हवे.

कोणता ओहळ केव्हा वाहतो, हे नकाशात नसते. गुराख्यास ठाऊक असते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला व शेतीसाठी विंधन विहिरी वर्ज्य केल्या. केळीच्या या मुलखातही आराखडा मंजुरीपूर्वी ग्रामसभेत वाचला जावा. माथ्यावर चराई बंद करावयाची, तर तेथील कुटुंबांना चारा कोठून मिळेल, हे त्यांच्याच संमतीने आधी ठरावे. त्यावाचून बांध टिकणार नाहीत.